‘औषध नियमित घ्यावे’ : मधुमेहविषयक मराठी गद्याची चिकित्सा

मधुमेहावर मराठीत गेल्या काही दशकांत विपुल लेखन झाले आहे. डॉक्टरांनी व वैद्यांनी लिहिलेल्या पुस्तिका, शासनाची माहितीपत्रके, दवाखान्यांच्या भिंतींवरील फलक, वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतील सदरे असे त्याचे अनेक प्रकार आहेत. हे लेखन वाङ्मय म्हणून कोणी वाचीत नाही आणि त्यामुळे समीक्षकाची दृष्टी सहसा त्याकडे वळत नाही. तथापि ज्या गद्याच्या आधारे लाखो माणसे आपल्या देहाविषयी निर्णय घेतात, ते गद्य भाषेच्या अभ्यासकाने तपासू नये असे म्हणण्यास काही कारण दिसत नाही. प्रस्तुत लेखकाचा अधिकार वैद्यकाचा नाही, भाषाशास्त्राचा आहे. म्हणून येथे औषधाच्या गुणावगुणांची चर्चा नसून, ते औषध कोणापर्यंत पोचते व कोणापर्यंत पोचत नाही हा प्रश्न मराठी गद्याने कसा मांडला, किंवा खरे पाहता कसा मांडला नाही, एवढ्यापुरताच विचार केला आहे.

ह्या सर्व लेखनात जवळजवळ शब्दशः आढळणारे एक वाक्य आहे : ‘औषध नियमित घ्यावे.’ वाक्य निर्दोष आहे, आशय हिताचा आहे. अडचण आहे ती त्यातील क्रियापदाची. मराठीतील ‘घेणे’ हे क्रियापद आपला अर्थ कर्माकडून उसना घेते. ‘साडी घेतली’ म्हणजे विकत घेतली, ‘चहा घेतला’ म्हणजे प्राशन केला. ह्या दोन वर्गांच्या मधोमध काही पदार्थ असे आहेत की ते विकतही घेतले जातात व पोटातही जातात. ‘दूध घेतले’ ह्या वाक्याचा अर्थ संदर्भावाचून ठरत नाही. औषध ह्याच वर्गातील आहे. पुस्तिकेचा लेखक ‘घ्यावे’ लिहितो तेव्हा त्याच्या मनात गिळण्याची क्रिया असते. त्या क्रियेपूर्वी ‘घेणे’ ह्या शब्दाचीच दुसरी क्रिया घडलेली असावी लागते, हे तो गृहीत धरतो. त्याच्या घरी ती घडलेली असते, त्यामुळे त्या गृहीताची जाणीवही त्याला होत नाही.

ही बाब प्रस्तुत लेखकाच्या ध्यानात आली ती ग्रंथालयात नव्हे. लेखकाचे आजोळ जयगडचे. शास्त्री नदी जेथे समुद्रास मिळते तेथे हे बंदर आहे. वर जुना किल्ला, खाली खाडी, पलीकडे गुहागर तालुक्यातील तवसाळ, आणि दोहोंमध्ये फेरीबोट. एकविसाव्या शतकात येथे मोठे खाजगी बंदर व १,२०० मेगावॅटचे औष्णिक विद्युत् केंद्र उभे राहिले. तरीही गावच्या जुन्या वस्त्यांतील अनेक घरांचा संसार आजही मासळीवरच चालतो. जून-जुलैत मासेमारीबंदी असते. त्या दोन महिन्यांत तांडेल असो वा खलाशी, घरात रोकड येणे थांबते, आणि मासळी विकणाऱ्या बायकांच्या टोपल्याही रित्या राहतात. जिल्ह्याचे ठिकाण रत्नागिरी चाळीस-पन्नास किलोमीटरांवर आहे. तेथे जाऊन येणे म्हणजे भाडे आणि एक दिवसाची मजुरी.

काही वर्षांपूर्वी नात्यातील एका वृद्ध मावशींना घेऊन लेखक एका दवाखान्यात गेला होता. रक्तातील साखर फार वाढलेली होती. ‘मागल्या दोन महिन्यांत गोळ्या घेतल्या का ?’ असे विचारण्यात आले. मावशी म्हणाल्या, ‘बंदीत घेतल्या नाय.’ केसपेपरवर ‘अनियमित’ असा शेरा पडला आणि औषध नियमित घेण्याचे महत्त्व त्यांना समजावून सांगण्यात आले. सांगणारा तरुण सौजन्याने बोलत होता, त्याच्या बोलण्यात तुसडेपणा मुळीच नव्हता. परंतु मावशींनी ‘विकत घेतल्या नाहीत’ असे सांगितले होते आणि त्याने ‘गिळल्या नाहीत’ असे ऐकले होते. एक दारिद्र्याची नोंद होती, दुसरी निष्काळजीपणाची. दोहोंवरचे उपाय अगदी भिन्न आहेत. पहिली नोंद झाली असती तर बंदीपूर्वीच दोन महिन्यांच्या गोळ्या द्याव्यात, अथवा महाग गोळीऐवजी त्याच गुणाची स्वस्त गोळी लिहून द्यावी, असे कोणाला तरी सुचले असते. दुसऱ्या नोंदीवर उपदेशाखेरीज उपाय नव्हता. चिठ्ठीवर पूर्वीचीच औषधे पुन्हा लिहिली गेली, आणि मावशी ‘होय, होय’ म्हणत उठल्या.

आता पुस्तिकांच्या वाक्यरचनेकडे पाहू. रुग्णाला उद्देशून जी वाक्ये असतात ती विध्यर्थी असतात : रुग्णाने चालावे, रुग्णाने गोड टाळावे, रुग्णाने औषध चुकवू नये. येथे कर्ता तृतीयान्त असला तरी स्पष्ट असतो. याउलट औषधाच्या पुरवठ्याविषयीची वाक्ये कर्मणी असून कर्तृहीन असतात : औषधे उपलब्ध करून दिली जातात, सवलत देण्यात येते, तपासणी करण्यात येईल. कोण उपलब्ध करून देतो, कोठे, कोणत्या वारी, आणि न मिळाल्यास कोणास विचारावे, हे वाक्याच्या घडणीतूनच वगळलेले असते. एकाच पुस्तिकेत जबाबदारीच्या बाजूला कर्ता आहे आणि पुरवठ्याच्या बाजूला कर्ता नाही. अशी वाक्ये सलग वाचणाऱ्याच्या मनावर जो संस्कार होतो तो उघड आहे. औषध चुकले तर ते रुग्णानेच चुकविले असणार, कारण चुकविण्यास समर्थ असा दुसरा कर्ता त्या गद्यात नाहीच.

साधनांचा प्रश्न वैद्यकीय गद्यात कधी नव्हताच, असे कोणी म्हटल्यास ते इतिहासास धरून होणार नाही. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात प्रमेहावरील उपचार सांगताना रुग्णाचे ‘अधन’ व ‘महाधन’ असे भेद स्पष्ट केले आहेत. ज्याला धन नाही, आप्त नाहीत, त्याने पादत्राण व छत्री न वापरता, भिक्षेवर राहून, एका गावी एकच रात्र काढीत शंभर योजने किंवा त्याहून अधिक चालावे असे तेथे सांगितले आहे. धनवानाला वनातील धान्ये व फळे, ब्राह्मणाला शिलोंच्छवृत्ती, इतराला नांगरणे किंवा विहीर खणणे, अशी उपचारांची वाटणी आहे. तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. जिच्यात वर्ण पाहून उपचार ठरतो आणि अधनाच्या वाट्याला अनवाणी भिक्षाटन येते, ती वाटणी आजच्या न्यायबुद्धीला मान्य होणार नाही. परंतु एक गोष्ट मान्य केली पाहिजे. रुग्णाजवळ धन आहे की नाही हा प्रश्न त्या ग्रंथकाराला चिकित्सेच्या आतला वाटला. आजच्या पुस्तिकांतून ‘अधन’ हा शब्द गेला आणि त्याच्या जागी दुसरा आला नाही. विषमता गेली म्हणून शब्द गेला असता तर आनंदच होता.

ह्या लोपाचे एक कारण ‘श्रीमंतांचा रोग’ ह्या जुन्या विशेषणात शोधता येते. मधुमेह हा बैठ्या, सुखवस्तू माणसाचा आजार, असा समज मराठीत फार दिवस रुजलेला आहे. ज्याला रोग होतो तो श्रीमंत, मग औषधाची ऐपत त्याला असणारच, असे त्यातील अनुक्त अनुमान. परंतु वस्तुस्थिती बदलली आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या व्यापक सर्वेक्षणाचे १५ राज्यांवरील निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. खेड्यांत त्या वेळीही वरच्या आर्थिक थरातच प्रमाण अधिक होते, परंतु चंदीगड, महाराष्ट्र व तामिळनाडू ह्यांच्या शहरी भागांत ते कनिष्ठ थरात अधिक आढळले. मुंबईकडे डोळे लावून बसलेल्या कोकणाला ह्या निष्कर्षाचा अर्थ निराळा सांगावयास नको. पुण्याच्या के. ई. एम्. रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक ह्यांनी १९९३ पासून पुण्याजवळील सहा खेड्यांतील माता व बालके ह्यांचा जो दीर्घ अभ्यास चालविला, त्यातून असे दिसले की, आपल्याकडील नवजात बालके वजनाने कमी असूनही त्यांच्या अंगी मेदाचे प्रमाण तुलनेने अधिक असते. मातेच्या कुपोषणाचा संबंध अपत्याच्या पुढील आयुष्यातील मधुमेहाशी जोडणारी ही विचारधारा आहे. ‘भारतीय वंशालाच हा धोका अधिक’ असे वाक्य पुस्तिकांत वारंवार येते. आनुवंशिकतेचा वाटा कोणी नाकारीत नाही, परंतु ‘वंश’ ह्या एका शब्दाखाली आजीच्या पोटची उपासमार झाकली जाते, हे त्या वाक्याच्या लेखकांनी ध्यानात घेतलेले नाही.

नाव गेले म्हणजे वस्तू दिसेनाशी होते, ह्याचे याहून ठळक उदाहरण खुद्द वैद्यकाच्या परिभाषेत आहे. १९५५ साली जमेकात कृश व दरिद्री रुग्णांत नेहमीच्या दोन प्रकारांत न बसणारा मधुमेह वर्णिला गेला. जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ च्या वर्गीकरणात कुपोषणजन्य मधुमेहाला स्वतंत्र स्थान दिले व १९९९ मध्ये पुरेशा पुराव्याच्या अभावी ते काढून टाकले. त्यानंतर असे रुग्ण अन्य प्रकारांच्या सदरात मोडू लागले. त्यांना मोठ्या मात्रेत इन्सुलिन दिल्यास, ज्या घरी पुढचे जेवण निश्चित नाही त्या घरी, साखर एकाएकी उतरून जिवावर बेतण्याचा संभव असतो. वेल्लोर येथील संशोधकांनी परदेशी सहकाऱ्यांसह केलेले काम २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले आणि एप्रिल २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने ह्या विकाराला ‘पाचवा प्रकार’ म्हणून मान्यता दिली. तज्ज्ञांतील वाद अद्याप मिटलेला नाही. पण गरिबांच्या रोगाचे नाव सुमारे पाव शतक जागतिक यादीत नव्हते, आणि त्या अवधीत रोग मात्र होता, एवढे निर्विवाद आहे.

नोंदीत जे असते तेच दिसते, ह्याचा पडताळा अमेरिकेतही मिळतो. तेथे रुग्णाचा वंश व त्याच्या वस्तीचे उत्पन्न ह्यांची नोंद ठेवण्याची पद्धत आहे. २०२१ साली तेथे प्रसिद्ध झालेल्या दोन अभ्यासांत मधुमेहावरील नव्या औषधांच्या दोन वर्गांचा विचार केला आहे. दोहोंतही कृष्णवर्णीय व आशियाई वंशाच्या रुग्णांना ती औषधे कमी प्रमाणात मिळत असल्याचे, तर अधिक उत्पन्नाच्या रुग्णांना ती अधिक मिळत असल्याचे दिसून आले. विशेष हे की, हे सर्व रुग्ण खाजगी विमा असलेले होते. म्हणजे केवळ पैशाची व्यवस्था झाल्याने भेद मिटत नाही. डॉक्टर कोणाला काय लिहून देतो, कोणाला पुढच्या डॉक्टरकडे पाठवितो, कोणाशी किती वेळ बोलतो, ह्यांतूनही तो उत्पन्न होतो. आपल्याकडे वंशाच्या जागी जात, व्यवसाय, भाषा व अंतर ह्यांचा विचार करावा लागेल. परंतु आपल्या केसपेपरवर वय, लिंग व पत्ता ह्यांपलीकडे सहसा काही नसते. विषमता मोजण्याचे सदरच नाही, आणि सदर नाही म्हणून विषमता नाही, असा समज करून घेणे सोयीचे होते.

आता औषध ‘घेणे’ म्हणजे विकत घेणे कोणाला पडते व कोणाला पडत नाही, ते पाहू. केंद्र सरकारच्या नोकरांसाठी १९५४ मध्ये सुरू झालेल्या आरोग्य योजनेत नोकराला व निवृत्तिवेतनधारकाला रोजचे औषध मिळते. १९४८ च्या कायद्याने स्थापन झालेल्या राज्य विमा योजनेत कारखान्यातील विमाधारक कामगारालाही ते मिळते. मुंबईच्या गिरणीत असलेला जयगडचा माणूस ह्या व्यवस्थेत बसत होता, तोच माणूस गिरणी बंद पडून गावी परतला आणि होडीवर गेला म्हणजे तो तिच्या बाहेर पडला. रोग तोच, माणूस तोच, बदलले ते फक्त नोकरीचे नाव. राज्याची महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजना मोठी आहे, परंतु ती मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांची आहे, दुकानातून आणावयाची रोजची गोळी तिच्यात बसत नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रातील सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क झाले, ही स्वागतार्ह गोष्ट होय. तथापि ‘मोफत’ हा शब्द खिडकीवरील किंमत सांगतो, खिडकीपर्यंत पोचण्याची किंमत सांगत नाही.

दुसऱ्या टोकाला नव्या औषधांचा बाजार आहे. मार्च २०२५ मध्ये भारतात आलेल्या टिर्झेपटाइड ह्या आठवड्यातून एकदा टोचावयाच्या औषधाची प्रारंभिक मात्रा त्या वेळी ३,५०० रुपयांची होती. म्हणजे महिन्यास १४,००० रुपये. ह्याच बाजारात मेटफॉर्मिनसारखी जुनी, स्वस्त व गुणकारी गोळीही आहे. टोरोंटोच्या संशोधकांनी १९२३ मध्ये इन्सुलिनचे स्वामित्व विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला देऊन टाकले होते. तरी शंभर वर्षांनंतर, २०२१ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेला असे म्हणावे लागले की, दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात ज्यांना इन्सुलिनची गरज आहे त्यांपैकी निम्म्यांना ते मिळत नाही. स्वामित्व सोडणाऱ्यांच्या औदार्यानंतरही औषधाच्या वाटेवर किती नाकी असतात ते ह्यावरून दिसेल.

त्या नाक्यांपैकी एक भाषेचे आहे, आणि ते तरी आमच्या अभ्यासाच्या कक्षेत येते. चिठ्ठीवरील ‘बी. डी.’, ‘ए. सी.’ ही लॅटिन शब्दांची आद्याक्षरे होत. पहिल्याचा अर्थ दिवसातून दोनदा, दुसऱ्याचा जेवणापूर्वी. गोळ्यांच्या पट्टीवरील मजकूर इंग्रजीत असतो. त्यावर कंपनीने ठेवलेले नाव असते व औषधाचे खरे नावही. रुग्णाला पाठ असते ते कंपनीने ठेवलेले नाव. २००८ पासून सुरू झालेल्या जन औषधी दुकानांत तेच औषध पुष्कळ स्वस्त मिळते, पण तेथे मागावे लागते ते खऱ्या नावाने. म्हणजे जो ते खरे नाव वाचू शकतो त्यालाच स्वस्त औषध, आणि ज्याला स्वस्त औषधाची खरी निकड, त्याला ती अक्षरे परकी. औषधाचे मूळ नाव सुवाच्य लिहावे, असा नियम २०१६ मध्ये वैद्यकीय परिषदेने केला. परंतु सुवाच्य इंग्रजी हेदेखील इंग्रजीच असते. इन्सुलिनच्या बाबतीत तर चूक जिवावर येऊ शकते. आपल्याकडे बाटलीतील इन्सुलिन बहुधा मिलिलिटरमागे ४० युनिटांचे व पेनातील सहसा १०० युनिटांचे असते. ४० व १०० युनिटांच्या सिरिंजा भिन्न. ‘दहा युनिट टोचावे’ हे मराठी वाक्य कोणत्या सिरिंजेने ते सांगत नसेल, तर ते अर्धेच वाक्य आहे.

ह्या विवेचनावर एक आक्षेप सहज सुचेल. रुग्णाची जबाबदारी नाहीच काय ? पैसा असूनही गोळ्या न गिळणारे, काढ्याच्या जाहिरातीस भुलून औषध सोडणारे रुग्ण नसतात काय ? असतात, आणि त्यांच्यासाठी ‘औषध नियमित घ्यावे’ हे वाक्य अगदी योग्य आहे. ह्या पुस्तिकांच्या लेखकांनी दुर्बोध परिभाषा टाकून घरगुती मराठीत लिहिले, पावलांची निगा कशी राखावी, साखर उतरल्याची लक्षणे कोणती, हे सोप्या शब्दांत सांगितले, हे त्यांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. तक्रार एवढीच की, त्यांनी एका प्रकारच्या रुग्णास सर्व रुग्णांचा प्रतिनिधी मानले. दुसरा आक्षेप असा की, वाक्ये सुधारल्याने गोळ्या स्वस्त होत नाहीत. हेही खरे. परंतु प्रश्न चुकीचा विचारला तर बरोबर उत्तराचा उपयोग होत नाही. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक पाहणीनुसार २०२२ साली तीस वर्षांवरील सुमारे ४४.५ कोटी मधुमेही उपचाराविना होते व त्यांपैकी १३.३ कोटी भारतात होते. एवढी माणसे केवळ विसराळू आहेत, असे मानणे कठीण आहे.

तेव्हा सुधारणा सुचवावयाची झाल्यास ती अल्प व शक्य कोटीतील असावी. पुस्तिकेत ‘घ्यावे’ ह्या क्रियापदाचे दोन अर्थ वेगळे करावेत. ‘गोळी रोज पोटात जावी’ हे एक वाक्य आणि ‘गोळी येथे, ह्या नावाने, एवढ्या पैशांत मिळेल, न मिळाल्यास अमुक अधिकाऱ्यास विचारावे’ हे दुसरे. दुसऱ्या वाक्याला कर्ता असावा. औषधाचे मूळ नाव देवनागरीत छापावे, म्हणजे रुग्णाला ते दुकानात मागता येईल. आणि केसपेपरवर ‘अनियमित’ लिहिण्यापूर्वी ‘गोळ्या घरात होत्या काय ?’ एवढा एक प्रश्न विचारावा. ह्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आले तर त्या शेऱ्याचा कर्ता बदलतो. अनियमित रुग्ण नसतो, पुरवठा असतो.

मावशी पुढील वर्षी बंदी लागण्यापूर्वी दोन महिन्यांच्या गोळ्या घरी आणून ठेवू लागल्या. नातेवाइकांनी पैसे पाठविले म्हणून ते जमले. ज्यांचे कोणी पाठविणारे नाही त्यांच्यासाठी ‘अबान्धव’ असा शब्द सुश्रुताने वापरला होता. तो आजच्या पुस्तिकांतून गेला आहे, परंतु जयगडच्या धक्क्यावर अशी माणसे आजही भेटतात.